बंबफोड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि त्याच दुपारी दापोली तालुक्यातल्या आमच्या घराचे अर्धे छप्पर आगरात जाऊन पडले. आजेसासऱ्यांनी बांधलेल्या त्या घराचे वासे आणि रिपा ऐन-किंजळीच्या होत्या, माजघरावरची तुळई सागाची होती आणि मागल्या बाजूला उभा असलेला जुना फणस मुळासकट उपटून गोठ्यावर आडवा झाला होता. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीच्या सुमारास मेस्त्री आले, महिनाभर राबून त्यांनी नवे छप्पर उभे केले आणि जाताना मोडक्या वाशांचे, तुळईच्या कापलेल्या टोकांचे आणि फणसाच्या उरलेल्या गाठाळ तुकड्यांचे छातीइतके उंच रचाण न्हाणीघराच्या भिंतीला लावून दिले. "वहिनी, दोन वर्षांचा बंबफोड झाला तुमचा," असे ते समाधानाने म्हणाले. त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने योग्यच होते, कारण दीड हाताहून लहान तुकड्यातून ना चौकट निघते, ना दार, ना पलंग. आणि आंघोळीचे पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावर ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको की ऐनाच्या फोडीसारखा विस्तव दुसऱ्या कुठल्या लाकडाचा होत नाही.

पहिले आठ-दहा दिवस मीही ते लाकूड बंबात घालत होते. एका सकाळी वाशाचा एक तुकडा हातात आला, तो टीचभर लांबीच्या मानाने इतका जड होता की मी तो उजेडात नेऊन पाहिला. वरून काजळी आणि कौलांची माती बसून तो काळामिट्ट झाला होता, पण मेस्त्रींच्या करवतीने जिथे तो कापला गेला होता, तिथे आत गडद तपकिरी लाकूड दिसत होते आणि त्यात त्याहून गडद रेषा एखाद्या नदीच्या नकाशासारख्या वळत गेल्या होत्या. कडेला एका खिळ्याचे भोक होते आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा निळाकाळा डाग होता. तो तुकडा मी खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक ठेवला. आठवड्याअखेर खिडकी बंद होईना, तेव्हा माळ्यावरची सासऱ्यांची हत्यारांची पेटी खाली काढली. त्यात दोन करवती, एक रंधा, पाऊण इंची आणि अर्ध्या इंची अशा दोन पटाश्या, मरफा (लाकूड घासायची खरबरीत कानस), साधी कानस, गुण्या, गिरमिट आणि अर्धी वापरलेली सहाण एवढे सामान निघाले. सासरे शाळामास्तर होते, सुतारकाम त्यांनी हौसेने केले. मी तर तोवर खिळासुद्धा सरळ ठोकलेला नव्हता.

त्या निळ्याकाळ्या डागाने मला सर्वांत आधी शिकवले, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगते. ऐनाच्या लाकडात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते आणि टॅनिनला लोखंड व ओल मिळाली की शाई तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) उकळून काळी शाई करीत, ती हीच क्रिया. आणि हिरडा, ऐन, किंजळ ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातलीच नव्हेत, तर एकाच प्रजातीतली भावंडे आहेत. छपरावर कित्येक पावसाळे खिळ्याजवळ पाणी झिरपत राहिले आणि त्या वाशात खिळ्याभोवती शाई मुरत गेली. त्यात खिळाही खंगला होता. पकडीत धरून ओढला तर मधेच तुटला. सागाच्या तुळईतून काढलेले खिळे मात्र अजून सरळ करून वापरता येतील असे होते. सागातल्या तेलामुळे लोखंड कुजत नाही, आणि हे ज्ञान जुन्या जहाजबांधणीच्या मुळाशी होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी इंग्रजांच्या आरमारासाठी मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली पाण्यात सोडलेले ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत उभे आहे. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे खंगत जातात, सागात ते टिकतात, म्हणून सागाच्या जहाजांना एवढे मोल होते. आमच्या न्हाणीघरामागे बसून, एका हातात ऐनातला खंगलेला खिळा आणि दुसऱ्या हातात सागातला धडका खिळा घेऊन हे समजून घेताना मला जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेले नाही.

खिळ्यांचा दुसरा धडा खर्चाचा होता. लाकडात मोडून बसलेला खिळा दिसत नाही आणि करवतीचे दात मात्र त्यावर जातात. तेव्हापासून प्रत्येक तुकडा आधी तारेच्या ब्रशाने घासायचा, मग जुन्या स्पीकरमधून काढलेले लोहचुंबक त्यावर चारी बाजूंनी फिरवायचे आणि मगच करवत लावायची, असा नेम केला आहे.

लाकूड ओळखायला मी नाकाने आणि हाताने शिकले. ताजा कापलेला साग कमावलेल्या चामड्यासारखा वास देतो आणि बोटाला किंचित मेणचट लागतो. त्यात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार तो फार लवकर खातो. फणस आतून हळदीसारखा पिवळाजर्द निघतो. त्याच्या गाभ्यापासून पूर्वी कापड रंगवायचा रंग काढीत. आणि उजेडात ठेवला की काही महिन्यांत तो मधासारखा व पुढे तपकिरी होतो. किंजळ रंधायला चिवट असते, पण एकदा गुळगुळीत झाली की तिच्यावर हात फिरवत राहावेसे वाटते. गोठ्याच्या दाराचा मोडलेला अडसर मात्र कशाचा ते मला कळेना, म्हणून मेस्त्रींना विचारले. त्यांनी नखाने ओरखडून पाहिले, तो तांबूस भाग जिभेला लावला आणि "खैर" म्हणाले. चिपळूणकडच्या कारखान्यांत ज्याच्या गाभ्याचे ढलपे उकळून विड्याचा कात काढतात आणि ज्या कातावरून कातकरी हे नाव पडले, तो खैर. त्या अडसराचा हातभर तुकडा मी कापडात गुंडाळून वेगळा ठेवला.

साग, ऐन, किंजळ, फणस, खैर ही सगळी नावे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. म्हणजे स्वतःच्या आगरातले उभे झाड तोडायलाही परवानगी लागते. झाड उभे असताना त्याला सरकारदरबारी एवढा मान असतो आणि तेच झाड पडून त्याचे तुकडे झाले की तासाभरात त्याची राख होते, हे मला पटेनासे झाले. वखारीत लाकूड घनफुटावर विकतात आणि एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. एक फूट लांब, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड तुकडा म्हणजे ३६ घनइंच. त्यातून एक मोठे उलथणे निघते. या हिशेबाने एका घनफुटात अठ्ठेचाळीस उलथणी बसतात आणि आमच्या भिंतीला टेकलेल्या रचाणात कितीतरी घनफूट लाकूड होते. एवढी उलथणी कोणाला हवी आहेत, हा प्रश्न घरातून झाला, आणि तो रास्तच होता. पण हा हिशेब मांडल्यामुळे माझ्या मनातली एक गोष्ट स्वच्छ झाली. घरातल्या ज्या वस्तूंना खरोखर कठीण लाकूड लागते, त्या सगळ्या लहान असतात. लाटणे, रवी, मुसळ, खुंटी, दाराखालची पाचर, विटी, भोवरा, कोयतीची आणि खुरप्याची मूठ: यांना घासणे, आदळणे, भिजणे, तापणे सोसायचे असते, आणि यांतल्या बहुतेक वस्तूंना टीचभरच लाकूड पुरते. कपाटाला एवढ्या कठीणपणाची गरज नसते. मेस्त्रींच्या दृष्टीने जो तुकडा उरलेला होता, तो खुरप्याच्या मुठीच्या दृष्टीने अख्खा, नेमका आणि हव्या त्या मापाचा होता.

पहिले उलथणे मी घाईने केले. फणसाच्या फळीवर पेन्सिलीने आकार काढला, करवतीने कापला, मरफ्याने गोल केला, त्यावर तेल लावले आणि कौतुक करून घेतले. होळीच्या दिवशी पुरण घाटताना ते मानेपाशी कट्‌कन मोडले आणि पाते पुरणात बुडाले. तुकडे धुऊन पाहिले तेव्हा कारण उघड दिसले. मी आकार फळीवर तिरपा काढला होता, त्यामुळे जिथे दांडा सर्वांत बारीक तिथेच लाकडाच्या रेषा आडव्या जात होत्या. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी असते. जुडी वाकवली तर ती लवते, पण दोन नळ्यांच्या मधून ती सहज सुटते. मेस्त्रींना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "कापू नका, फोडा. फोडलेलं लाकूड रेघ सोडत नाही." त्यांनी न्हाणीजवळचा एक तुकडा उभा धरला, कोयती वर टेकवली आणि लाकडाच्या ठोकळ्याने एक टोला दिला. कोयती लाकडाच्या मनाप्रमाणे गेली, जराशी वळत गेली, आणि दोन फळ्या सुट्या झाल्या. म्हणजे बंबासाठी लाकूड फोडण्याची जी रीत मला ठाऊक होती, तीच उलथण्याचीही पहिली पायरी होती, आणि मी मात्र करवत घेऊन बसले होते.

आता मी तुकडा आधी फोडते, त्याची वळणे पाहते आणि मगच ठरवते की तो कशाचा होणार. किंचित वाकलेला तुकडा उलथण्याला उत्तम, कारण दांड्याचा बाक त्याला जन्मतः असतो. गाठ मधोमध असेल तर त्या तुकड्याची खोलगट वस्तू करायची नाही. तो पाचरीला किंवा भांड्याखालच्या टेकणाला द्यायचा. घडवून झाल्यावर काचेच्या फुटक्या तुकड्याच्या धारेने पृष्ठभाग खरवडते, मग ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस नंबरचे पॉलिशपेपर लावते. यानंतरची एक गोष्ट नवशिके हटकून गाळतात. वस्तू ओल्या फडक्याने पुसायची आणि रात्रभर वाळू द्यायची. दबलेले तंतू पाण्याने उठून उभे राहतात आणि सकाळी ते लाकूड मांजराच्या जिभेसारखे खरखरीत लागते. तेव्हा पुन्हा बारीक पेपर हलक्या हाताने फिरवायचा. असे दोनदा केले की पुढे ते उलथणे कितीही वेळा धुतले तरी त्याचा गुळगुळीतपणा टिकतो.

स्वयंपाकातल्या वस्तूंना मी जवसाचे कच्चे तेल लावते. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, त्यामुळे लाकडात मुरून तिथेच राहते. शेंगदाण्याचे तेल तसे घट्ट होत नाही आणि पुढे खवट होते. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘उकळलेले’ जवस तेल मात्र जेवणाच्या भांड्यांना लावू नये, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चे तेल वाळायला दोन-तीन आठवडे घेते आणि कोकणातल्या दमट हवेत त्याहूनही अधिक. त्याला इलाज नाही. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडून राहते आणि फडके आपोआप पेटू शकते. आमची फडकी दोरीवर पसरून वाळतात. तसेच नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय मी पॉलिशपेपर हातात घेत नाही. लाकडाची बारीक धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून कर्करोगकारक द्रव्यांत धरलेली आहे, आणि सुतारकाम हौसेचे असले तरी फुप्फुसे तीच असतात.

सागाच्या तुळईच्या टोकातून मी देवघरासाठी एक डबा केला होता, त्याची हकीकतही सांगायला हवी. वाती, काडेपेटी आणि उदबत्त्या राहतील एवढा तो लहान डबा, त्याला खाचेत सरकणारे झाकण. वैशाखात केला. सागाचे कापलेले भाग तेलकट असल्यामुळे चिकटवण्यापूर्वी स्पिरिटने पुसून घ्यावे लागतात, तेही केले. झाकण असे बसले होते की बोटाने ढकलले की सरकावे आणि हवा दबल्याचा बारीक आवाज यावा. आषाढात एका संध्याकाळी दिवा लावायला गेले तर झाकण हलेना. ओढले, ठोकले, शेवटी काडी शेजारून मागून आणली. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या दिवसांत घरातले मीठसुद्धा पाणी धरते. लाकडाने ओल पिऊन फुगू नये, ही अपेक्षाच चुकीची होती. तुळई माजघरावर कित्येक दशके वाळलेली होती, तरी लाकूड हवेशी देवाणघेवाण करायचे कधीच थांबत नाही.

पण ते सगळीकडे सारखे फुगत नाही, ही त्यातली खरी गंमत. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलते, आणि रुंदीतही झाडाच्या वर्तुळांच्या कडेकडेने जेवढे हलते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हलते. माझ्या झाकणाची फळी नेमकी जास्त हलणाऱ्या बाजूने कापलेली होती. गौरी-गणपतीनंतर ते आपोआप सैल झाले. मी नवे झाकण केले: टोकाकडून पाहिले तर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतील अशा तऱ्हेने फळी काढली आणि दोन्ही कडांना मिळून पाऊण सूत जागा सोडली. एका इंचाची आठ सुते, म्हणजे हे अंतर दीड दमडीचेही दिसत नाही, पण त्याच्यावर आमच्या घरातला संध्याकाळचा दिवा अवलंबून होता. आता उन्हाळ्यात तो डबा हातात घेऊन हलवला तर झाकण थोडे वाजते. पाहुण्यांना ते ढिलाईचे काम वाटते. मला ते वाजणे आवडते, कारण श्रावणात ते थांबते.

पाचरी, खुंट्या आणि टेकणे यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ती अर्ध्या दिवसात होतात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. शेजारच्या मुलांना ऐनाच्या दोन विट्या करून दिल्या, त्यांतली एक विहिरीत गेली. रवी मात्र अजून मला साधलेली नाही. तिच्या बोंडाच्या पाकळ्या सारख्या अंतरावर आणि सारख्या खोल उतरायला हव्यात, नाहीतर ताक घुसळताना ती डेऱ्यात डगमगते. तीन बोंडे बिघडली, चौथे किंजळीचे आहे आणि निम्म्यावर आले आहे.

खैराचा तो वेगळा ठेवलेला तुकडा मी खुरप्याच्या मुठीला वापरला. आमच्या आगरात बेणणीला येणाऱ्या मावशींच्या खुरप्याची बाजारची मूठ चिरलेली होती आणि तिच्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. खैर इतका घट्ट असतो की त्याला पटाशी लावली की ढलपी निघण्याऐवजी तो आधी खणखणतो. दोन दिवस मरफा चालवून मूठ तयार केली, गिरमिटाने खुरप्याच्या शेपटापेक्षा बारीक भोक पाडले, चुलीत ते शेपूट लाल केले आणि जाड फडक्यात मूठ धरून त्यावर ठोकली. लोखंड लाकडाला जाळत, आपल्याच आकाराची जागा करीत आत गेले. काताचा तुरट धूर डोळ्यांत गेला. मग तोंडाशी वसवी म्हणजे लोखंडी कडे चढवले आणि सगळे पाण्यात बुडवले. इतकी मजबूत वस्तू मी तोवर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी खुरपे घेऊन मागच्या दारी आल्या. "वहिनी, मूठ झकास आहे, पण जाड पडते. बोटं फिरून येत नाहीत." मी मूठ माझ्या हाताने मोजली होती. त्यांचा पंजा माझ्यापेक्षा बराच लहान, बोटे आखूड, आणि तर्जनीचे पेर जुन्या दुखापतीने न वाकणारे. हे चार वर्षे रोज त्यांच्या हातून चहाचा कप घेताना मी पाहिलेले नव्हते. बाजारची मूठ एकाच मापाची येते, म्हणून ती चालवून घ्यायची त्यांना सवय होती. ही घरची आहे, म्हणून त्या सांगायला आल्या होत्या. मी त्यांना ओट्यावर बसवले, मुठीला हळदकुंकवातली हळद फासली आणि नेहमीसारखी घट्ट पकडायला सांगितली. जिथे हळद पुसली गेली तिथे लाकूड जास्त होते. तेवढे खरवडले. त्या कामावर गेल्या आणि तासाभराने पुन्हा आल्या. अंगठ्याखाली अजून लागत होते. तिसऱ्या खेपेला, एकंदर दोन सूत लाकूड उतरल्यावर आणि न वाकणाऱ्या बोटासाठी कडेला एक उथळ खाच केल्यावर, त्यांनी मूठ पकडली आणि काही न बोलता उरलेल्या वाफ्याकडे निघून गेल्या.

इतर खुरपी आणि कोयत्या संध्याकाळी आमच्या पडवीत टांगलेल्या असतात. ते खुरपे तिथे नसते. मावशी ते पिशवीत घालून घरी नेतात आणि सकाळी पुन्हा घेऊन येतात.